अनुक्रमांक पाच

"पंचिंग वाकडं, टॅग आखूड आणि नंबर कुठ्ठेच नाहीत! ही काय फाईल म्हणायची की केरसुणी?"

पडद्यापलीकडे सासूबाई पुटपुटत होत्या. आमचं घर दीड खोलीचं, मधे एक पडदा. त्यामुळे आमच्याकडे कुणी पुटपुटलं तरी त्याचं भाषण होतं. मी केसांना टॉवेल गुंडाळत होते. ऐकलं आणि सोडून दिलं. पुढचं सगळं महाभारत त्या सोडून देण्यातून घडलं!

पण त्या सकाळी मी भलतीच खुशीत होते. माझी योजना इतकी पक्की होती की तिच्यात मुंगीला शिरायला फट नव्हती. मुंगीला नव्हती. सासूबाईंना होती!

सुरुवातीपासून सांगते. या परक्या देशात येऊन आम्हाला बारा वर्षं झाली. नवरा गोदामात माल मोजतो, मी घरी बसून लोकांचे कपडे आल्टर करते, लेक शाळेत जाते. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले, तेव्हा सासूबाईंना इकडे घेऊन आलो. तिकडचं घर विकलं, भांडी वाटून टाकली. आता त्यांचा राहण्याचा परवाना गुरुवारी संपत होता आणि उजाडला होता मंगळवार. परवाना वाढवून मिळाला नाही तर त्यांनी परत जायचं. पण जायचं कुठे? तिकडे आता त्यांच्या नावाचं एक कुलूपसुद्धा उरलं नव्हतं.

परदेशी लोकांना परवाने देणाऱ्या कचेरीने आमची फाईल दोनदा परत केली होती. दोन्ही वेळा शेरा एकच, 'कागद अपुरे'. कोणता कागद, ते मात्र सांगायचं नाही! आम्ही घरातला कागद नि कागद जोडून पाहिला. नवऱ्याने तर फ्रिजचं वॉरंटी कार्डही शोधून काढलं होतं.

शेवटी रामबाण भाऊजींना शरण गेलो. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, आपल्याच भाषेचे. सर्दीपासून सरकारपर्यंत कशावरही त्यांच्याकडे रामबाण उपाय असतो, म्हणून हे नाव.

"वहिनी, काउंटर तीन," ते कुजबुजले. दार बंद होतं, खिडकी बंद होती, तरी कुजबुजले. "चौथा कागद कोणता तुमचा?"

"भाडेकरार."

"त्याच्या मागे... कळलं ना?"

"काय?"

"अहो, ते."

"ते म्हणजे?"

नवरा खाकरला. "अगं, ते गं! फाईलला जरा वजन."

"इथे त्याला मधलं पान म्हणतात," भाऊजी म्हणाले. "साहेब मात्र सज्जन हो! तोंडाने कधी मागत नाही. नुसता फाईलकडे बघतो आणि उसासा टाकतो. उसासा ऐकला की समजायचं, मधलं पान नाही. आणि आपण चकार शब्द काढायचा नाही!"

पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं आम्ही त्या एका शब्दाचं केलं. महिनाभर घरात नुसतं 'ते' वावरत होतं. 'ते' कधी करायचं, 'ते' किती घालायचं, 'ते' पाकिटात की नुसतंच? सासूबाई आल्या की आम्ही हवापाण्यावर घसरायचो. त्यांना 'ते' सांगायची छाती कुणाची होती? त्या एकतीस वर्षं एका शाळेत हेडक्लार्क होत्या. खुद्द हेडमास्तरांच्या मेहुण्याला त्यांनी फी भरल्याशिवाय दाखला दिला नव्हता, आणि फी घेतल्यावर पावती दिल्याशिवाय हलू दिलं नव्हतं! अशा बाईपुढे 'ते' काढणं म्हणजे कीर्तनकाराच्या पुढ्यात पत्ते पिसणं.

म्हणून मी गुपचूप काम उरकलं. सकाळी पांढऱ्या पाकिटात चार नव्या नोटा घातल्या, पाकीट भाडेकरारामागे सरकवलं आणि अंघोळीला गेले. झाली योजना!

कचेरीचा हॉल नेहमीसारखा गच्च भरला होता. जमिनीला बोल्ट ठोकलेल्या खुर्च्या, खडखडणारा पंखा, पाण्याच्या पिंपाला साखळीने बांधलेला पेला. त्या पेल्यालाही परवाना मिळाला नसावा! रामबाण भाऊजीही आले होते. त्यांचंही काम नेमकं त्याच दिवशी निघालं होतं. नवजात बाळ धरावं तशी त्यांनी फाईल छातीशी धरली होती. माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मीही मिचकावला. आयुष्यात पहिल्यांदाच परपुरुषाला डोळा मिचकावला, तोही सरकारी कचेरीत!

सासूबाईंना फाईलसकट खुर्चीवर बसवून मी टोकन घ्यायला गेले. परत येते तर खुर्ची रिकामी! बघते तर ही माउली दाराजवळच्या आवक खिडकीकडून हसत येते आहे.

"झालं गं. आवक शिक्का मारून घेतला."

"कशावर?"

"अनुक्रमणिकेवर."

"कसली अनुक्रमणिका?"

त्यांनी फाईल उघडली. आता टॅग नवा होता. प्रत्येक कागदावर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर होता. आणि सगळ्यात वर, माझ्या लेकीने इथल्या भाषेत टाईप केलेली यादी होती. कार्टीने शाळेत जाता जाता, कानात गाणी घालून, आजीने सांगितलं ते जसंच्या तसं टाईप केलं होतं:

'१. अर्ज. २. पासपोर्टची प्रत. ३. मुलाचा पगाराचा दाखला. ४. भाडेकरार. ५. रोख रक्कम, नोटा चार, नव्या. प्रयोजन: साहेबांनी भरावे.'

त्याखाली जांभळा गोल शिक्का. ताजा. ओला!

"आई! अहो, हे काय केलंत?"

"अगं, पाकीट बिननंबरी ठेवलं होतंस. गहाळ झालं असतं म्हणजे? त्या खिडकीतली बाई किती खूश झाली म्हणून सांगू! एकेक कागद मोजला, एकेक खूण केली, रजिस्टरात चढवलं. इथे कुणी अनुक्रमणिका आणतच नाही म्हणे."

"तिची भाषा तुम्हाला कळली?"

"शिक्क्याला कुठे भाषा असते?"

तेवढ्यात आमचा नंबर लागला. काउंटर तीन!

साहेब खरंच सज्जन दिसत होता. कापलेली नखं, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर मुलांचा फोटो. त्याने फाईलकडे पाहिलं आणि उसासा टाकला. अगदी वर्णनाप्रमाणे! त्याचं बोट यादीवरून खाली निघालं. एक. दोन. तीन. चार. पाचवर बोट थांबलं आणि त्याचा चेहरा भातात खडा लागल्यासारखा झाला.

"हे काय आहे?" त्याने हळूच विचारलं.

"मधलं पान," मी त्याहून हळू म्हटलं.

"पण ते यादीत का आहे?"

"काय म्हणतोय?" सासूबाई.

"विचारतोय, यादी कुणी केली."

"मी केली म्हणावं. आणि पाच नंबरची पावती कुठे मिळते, विचार."

मी भाषांतर केलं, "आई म्हणतात, आपण फार चांगले आहात."

इथे एक कबुली द्यायला हवी. इथली भाषा मी वर्गात बसून शिकलेले नाही, भाजीवालीकडून शिकले. त्यामुळे मी कितीही गोड बोलले तरी घासाघीस चालल्यासारखं वाटतं. साहेब दचकलाच. त्याला वाटलं असावं, मी रक्कम कमी करून मागते आहे!

"नको, नको! काहीच नको!" म्हणत त्याने पाल उचलावी तसं दोन बोटांनी पाकीट उचललं आणि काचेखालून आमच्याकडे ढकललं.

सासूबाईंनी ते परत आत ढकललं. "असं कसं? आवक झालंय ते. परत द्यायचं तर जावक नोंद करा."

"आई म्हणतात, आपल्याला त्रास झाला, माफ करा."

पाकीट पुन्हा बाहेर. सासूबाईंकडून पुन्हा आत. कॅरमचा स्ट्रायकरसुद्धा इतका फिरत नाही! मागची माणसं खुर्च्या सोडून जवळ सरकली. गुरुवार डोळ्यांसमोर नाचायला लागला. हातातोंडाशी आलेला परवाना आता जाणार आणि या बाईला मी स्वतः विमानात बसवून येणार!

पण खरं सांगू? घाबरलेली असतानाही मी त्यांच्याकडे बघतच राहिले. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. हनुवटी जेमतेम काउंटरला पोचत होती. बारा वर्षं मी या देशात त्याच काचांपुढे मान खाली घालून उभी राहिलेय; चूक नसताना माफी मागितलीय, समोरच्याने हटकलं की हसलेय. आणि ही बाई मात्र आपल्याच शाळेच्या कचेरीत, आपल्याच टेबलाशी उभी असल्यासारखी उभी होती. आवाज चढलेला नाही. फक्त एकच मागणं, नोंद करा!

गलबला ऐकून आतल्या खोलीतून साहेबाच्या वरच्या, मोठ्या बाई आल्या. साखळीचा चष्मा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"काय चाललंय?"

"काही नाही, बाई," साहेब म्हणाला.

"मग काही नाहीला आवक नंबर कसा पडला?"

त्यांनी फाईल ओढून घेतली आणि वाचायला लागल्या. तीन वेळा त्या कचेरीत आलेली ती फाईल, पण आज पहिल्यांदा कुणीतरी ती वाचत होतं! सासूबाईंनी काचेखालून बोट घातलं आणि नंबर दाखवत गेल्या. बाई कागद उलटत गेल्या. एकीला दुसरीचा एक शब्द कळत नव्हता. पण दोन हेडक्लार्क भेटल्यावर शब्द लागतात कुणाला? बाईंनी तर पेन्सिलीच्या नंबरांवरून कौतुकाने अंगठा फिरवला.

"सगळं तर आहे यात," बाई म्हणाल्या. "कागद अपुरे असा शेरा कुणी मारला?"

साहेब पंख्याकडे बघायला लागला.

बाईंनी त्याच्या हातातला शिक्का घेतला. धप्प! दोन वर्षं!

परवाना पर्समध्ये कोंबला, चेन ओढली आणि सासूबाईंचा दंड धरला. "चला आई, चला, चला!"

आई हलायला तयार नाहीत. "पाच नंबर राहिला ना?"

बाईंनीही मान डोलावली. जावक रजिस्टर उघडलं. तारीख घातली, नोटांचा आकडा घातला आणि शेवटच्या रकान्यावर पेन थांबलं. 'परत करण्याचे कारण'.

"काय लिहू?"

मागची माणसं आणखी पुढे सरकली.

"चूक," साहेब म्हणाला.

"कुणाची?" बाईंनी विचारलं. साहेबाने टेबलावरचा फोटो सरळ केला.

"विसरून राहिलं होतं," मी म्हटलं.

"तर मग यादीत कसं?" बाई माझ्याकडे वळल्या.

"भेट... म्हणजे देणगी... म्हणजे..." साहेबाच्या कपाळावर घाम आला.

"संकीर्ण लिहा ना!" मागून रामबाण भाऊजींचा आवाज आला. उपाय नाही असा विषयच नाही!

"सूनबाई, घोडं कुठे अडलंय?"

"कारण लिहायचंय, आई."

"मग त्यात काय? लाच म्हणून सांग."

मी आ वासला. "तुम्हाला... ठाऊक होतं?"

"एकतीस वर्षं काचेच्या त्या बाजूला बसलेय मी. महिनाभर घरात 'ते, ते' चाललंय, मला काय कळत नाही? दोन अक्षरी शब्द, एवढी मोठी माणसं, एकाच्या तोंडून निघेना! माझा परवाना आहे, तो चोरून नको मला." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "आता सांग तिला. आणि या वेळी तरी मी म्हणते तेच सांग!"

म्हणजे ते भाषांतरही त्यांना कळलं होतं!

मी पाठ ताठ केली. त्यांच्यासारखीच. आणि इथल्या भाषेतला तो शब्द, जो बारा वर्षं या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होता आणि कुणी उच्चारला नव्हता, तो भाजीवालीच्या खणखणीत आवाजात म्हटला.

"लाच!"

बाईंचं पेन चालायला लागलं. आणि माझ्या मागे एकदम सळसळ झाली. वळून पाहते तर खुर्च्याखुर्च्यांवरच्या फायलींतून मधली पानं निघून भराभर खिशांत चालली होती!

"अहो वहिनी, हळू!" रामबाण भाऊजी फाईलशी झटापट करत कळवळले. "पुढचा नंबर माझा आहे!"