फरशीवरचा अडथळा

मूल रांगणाऱ्या घराला स्वच्छ फरशी लागते, आणि स्वच्छ फरशीला मूल न रांगणारं घर लागतं. या तत्त्वाचा कोलकात्यात बालीगंजच्या आपल्या फ्लॅटमध्ये शकुनने जितका काटेकोर अभ्यास केला, तितका क्वचितच कुणी केला असेल.

तिची ओवी दहा महिन्यांची झाली तरी रांगत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं नाही. "जमिनीवर सोडा तिला," एवढंच म्हणाल्या. पण जमिनीवर जंतू असतात. (कोणते, हे शकुनला पाठ होतं.) म्हणून तिच्या नवऱ्याने, अनीशने, केर काढून फरशी पुसणारा रोबो आणला.

रोबो खरोखर गुणी. गरगर फिरून घराचा नकाशा काढतो, पोटाखालच्या ब्रशने धूळ ओढतो, मागच्या दोन ओल्या फडक्यांनी फरशी पुसतो. सतरंजी आली की बाईने निऱ्या उचलाव्यात तशी फडकी वर घेतो, आणि काम संपलं की जागेवर जाऊन ती धुऊन वाळवतो. माणसांकडून अपेक्षा माफक. वाटेत वायरी, मोजे, खुर्च्या नकोत. त्यामुळे तो निघण्यापूर्वी अनीश गुडघे टेकून सगळं घर आवरी, ब्रशात गुंतलेले केस ओढून काढी, गढूळ पाणी ओतून येई. घरात रांगणारा तेवढा तोच.

ओवी पलंगावर. कारण सकाळी फरशी ओली (घसरेल), दुपारी नुकतीच वाळलेली (लाळ गाळेल), आणि संध्याकाळी अनीश बाहेरून आलेला (त्याचे पाय).

संक्रांतीला सासूबाई, पुष्पाताई, नातीचं बोरन्हाण करायला डमडमहून आल्या; शेजारणीही जमल्या. मुलाच्या डोक्यावरून बोरं, कुरमुरे, हलवा ओतायचा, नि खाली सांडलेलं पोरांनी वेचून खायचं. फरशीच्या दृष्टीने हा सण नसून आपत्ती आहे.

"आई, उलटी छत्री धरून तिच्यात ओतलं तर?" शकुन म्हणाली.

"बोरन्हाण नातीचं करायचंय की छत्रीचं?" असं म्हणून पुष्पाताईंनी पाटावर बसलेल्या ओवीवर अख्खं सूप उपडं केलं.

शकुनने तत्काळ फोनवरून रोबो सोडला. तो कुरमुरे गिळत निघाला. आपला खाऊ भलताच कुणी खातोय, हे ओवीने पाहिलं. ती पाटावरून ओणवी झाली, हात टेकले, एक गुडघा पुढे घेतला, मग दुसरा, आणि तरातरा जाऊन तिने त्याची वाट अडवली.

रोबो थांबला. शुद्ध हिंदीत म्हणाला, "रास्ते में रुकावट है. कृपया हटाइए."

शकुनने ओवीला चटकन उचललं. (सवय.)

ओवीने घर डोक्यावर घेतलं. रोबोने उरलेले कुरमुरे टिपले, हलव्याचा चिकट डाग पुसला आणि तो शांतपणे आपल्या जागेवर गेला. शेजारणींनी टाळ्या वाजवल्या. शकुनच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाहिलंत ना? रांगली..." ती सांगू लागली.

"की शुंदोर!" समोरच्या फ्लॅटमधल्या बंगाली मित्राबाई चकचकीत फरशीकडे बघत म्हणाल्या. "कोन कंपनी?"

नाव दाखवायला फोन हवा, फोनला हात हवा. शकुनने ओवीला पलंगावर ठेवलं.

ओवी पुन्हा खाली कधी उतरली, हे शेजारणींपैकी कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतंत, यात शंका नाही. मात्र कंपनीचं नाव इथे कुठेच दिलेलं नाही, हे तुमच्या त्याआधीच लक्षात आलं असेल.