मान्यताप्राप्त चुका

इतिहास हा मुख्यतः कपड्याच्या आतल्या बाजूला असतो. बाहेरून कोणीही सतराव्या शतकातला दिसू शकतो. खरं काय ते शिवण उलटी केल्यावर कळतं. यॉर्कशरमधल्या व्हिटलथॉर्पच्या वेशभूषा सत्यता समितीने हे फार पूर्वीच ओळखलं होतं. म्हणूनच दर ऑगस्टमध्ये गावच्या माळावर त्या शतकातली जुनी लढाई हौसेखातर पुन्हा लढली जाण्याआधी दोन्ही सैन्यांना रांगेत उभं करून त्यांचे कोट उलटे केले जात. (विजारींचा विषय पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवला आहे.)

समितीचं काम डोळे दिपवणारं होतं. गेल्या वर्षी शिवणयंत्राच्या टाक्यांपायी एकोणतीस सैनिक लढाईआधीच बाद झाले. प्रत्यक्ष लढाईत चौदाच पडले. आजकालचा चष्मा काढून ठेवावा लागे, त्यामुळे निम्म्या सैन्याला शत्रू दिसत नसे. पण न दिसणाऱ्या शत्रूवर धावून जाण्यातलं शौर्य समितीने इतिवृत्तात आवर्जून नोंदवलं आहे.

एनिड पॉकलिंग्टनला या कशाशी देणंघेणं नव्हतं. तिला फक्त नवऱ्याला मरताना पाहायचं होतं. विल्फने एकवीस वर्षं मागच्या रांगेत भाला धरला होता. आता गुडघे कामातून गेले होते, आणि यंदा, शेवटच्या वर्षी, त्याला कप्तानाचं मरण मिळालं होतं, तेही प्रेक्षकांच्या दोरीजवळ. कप्तानाला चांगला कोट लागतो. एनिडने मेण लावलेल्या धाग्याने तो सबंध हिवाळा खपून हाताने शिवला. बोटांची चाळण झाली, पण विल्फ कोट घालून आरशासमोर उभा राहिला तेव्हा तिला भरून आलं.

समितीचे अध्यक्ष ऑब्री थ्रॉप यांनी कोटाला भिंग लावलं.

"पॉकलिंग्टनबाई, इंचाला अकरा टाके."

"हो."

"दर इंचाला अकराच."

"मग काय, एकात सात आणि दुसऱ्यात सतरा घालू?"

"माणसाचा हात इतका नेटका चालत नाही. हे यंत्राचं काम आहे."

"अहो, यंत्राची पाठ धरते का? माझी बघा!"

पाठ हा पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही (नियम ३१).

"जाऊ दे गं," विल्फ म्हणाला. "मी मागच्या रांगेतच मरतो."

"गप बस! मागच्या रांगेत कोणी मरत नाही, नुसते दमतात."

समिती निर्दय नव्हती. फेरतपासणीला तिने आठ दिवस दिले आणि मान्यताप्राप्त चुकांचा तक्ताही दिला: दर इंचाला एक टाका गळालेला किंवा तिरका. (स्वतःच्या मनाने केलेली चूक बाद.) एनिडने सगळ्या शिवणी उसवल्या. मुद्दाम चुकायला बसली, पण पन्नास वर्षांची सवय हात सोडेना. डाव्या हाताने शिवून पाहिलं, तेही सरळ आलं. शेवटी तिने माळ्यावरून मावशीचं जुनं शिवणयंत्र काढलं. ते बिघडलेलं होतं आणि दर अकराव्या टाक्याला ठेच खात होतं. तासाभरात कोट तयार झाला.

थ्रॉप यांनी भिंग खाली ठेवलं तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. "याला म्हणतात माणसाचा हात!"

लढाई झाली. विल्फ इतका सुंदर मेला की दोरीजवळच्या बायकांनी रुमाल काढले. एनिड रडत होती आणि टाळ्याही वाजवत होती. इतकी सुखी ती लग्नातही नव्हती.

डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री खात उभ्या असलेल्या एका पाहुण्या बाईंनी थ्रॉप यांना विचारलं, "छान मेले हो. पण मुळात भांडण कशावरून होतं?"

"तो विषय समितीच्या कक्षेत येत नाही," थ्रॉप म्हणाले.

मग बाईंनी वाकून खुद्द मृतालाच विचारलं. विल्फने एक डोळा उघडला. "एकवीस वर्षं मागे होतो बाई. तिथपर्यंत कोणी कळवलंच नाही."

या उत्तरावर हसणाऱ्या वाचकांची समितीने नोंद घेतली आहे. लढाई कोणाकोणात होती, कशासाठी होती आणि जिंकलं कोण, यातलं काहीही आपण आतापर्यंत विचारलेलं नाही. टाके मात्र नीट मोजलेत. आपला कोट मंजूर झाला आहे. कृपया रांगेत उभे राहावे.