घुमणीचा डोंगर आणि बन्सीधर मास्तरचं नाव

बाप एखाद्या गोष्टीला नाही म्हणेल अशी भीती वाटली, तर ती त्याला उर्दूत विचारावी! हा पिंगळीच्या बन्सीधर मास्तरचा स्वतःचा शोध होता आणि त्याला त्याचा भारी गर्व होता. राज्य निजामाचं. कचेरी उर्दूत, शाळा उर्दूत, समन्स उर्दूत. त्यामुळे त्याच्या वडलांना, म्हणजे माणिकराव कास्तकारांना, मराठीत सांगितलेलं कळायचं आणि उर्दूत सांगितलेलं पटायचं. "आबा, नवं धोतर पायजे," म्हटलं की ते जुन्याला टाका घालून घ्यायला सांगत. "लिबासचा मसला हाय, आबा," म्हटलं की पुढच्या बाजारी धोतर हजर!

त्या माघात मात्र बन्सीधरला धोतराहून मोठी गोष्ट मागायची होती. त्याला बायको हवी होती.

गैरसमज नको! बायको होती. ताडकळसची मनकर्णा, गेल्या वैशाखात वाजतगाजत घरात आलेली. पण घर दोन खणांचं. दिवसभर ती सासूच्या, चतुराबाईंच्या हाताखाली. रात्री बन्सीधर ओसरीवर बापाच्या शेजारी. आणि मधल्या उंबऱ्याला डोकं टेकून धुरपताआत्या. या आत्याला मांजराच्या पावलानंसुद्धा जाग यायची आणि ती मांजरालाही "कोन हाय?" म्हणून विचारायची. "अवं, पानी," आणि "हं, ठिव," एवढ्या चार शब्दांत त्या दोघांचा संसार चालला होता.

त्याचं दुःख मात्र वेगळंच होतं. आपलं नाव त्यानं अजून बायकोच्या तोंडून ऐकलंच नव्हतं! लग्नात तिनं उखाणा घेतला खरा, पण नेमका नावापाशी आल्यावर ताशेवाल्याला जोर चढला. बन्सीधरला दिसले ते फक्त तिचे ओठ. आणि एकदा उखाणा झाला की पुढं नवऱ्याचं नाव कोण घेतं? पुढं सगळं "अवं." म्हशीला नाव, बैलांना नाव, मास्तरला "अवं"! वर्गात हजेरी घेताना त्याला पोरांच्या नावांचाही हेवा वाटायचा.

म्हणून त्यानं बेत केला. परभणीहून जिंतूरकडं जाताना रस्त्यालगत घुमणीचा डोंगर आहे. शाळकरी वयात तो एकदा तिथं गेला होता. काळ्या फत्तराचा ताठ कडा. समोर उभं राहून हाळी दिली की कडा ती परत परत देतो. पिंगळीहून सकाळची रेल्वे, परभणीहून सरकारी मोटार, मोटार डोंगराच्या पायथ्याशी उतरवते आणि दिवेलागणीला तीच परत नेते. वर फक्त दोघं. तिला म्हणायचं, घे एकदा नाव, इथं कुणी नाही. एकदा घेतलेलं नाव तीन-चारदा ऐकायला मिळणार! मास्तर माणूस, त्याला हा हिशेब फार आवडला.

राहिली परवानगी. त्यासाठी त्यानं जुगराफियाच्या, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला सगळ्यात वजनदार शब्द काढला. आपल्या मुलखाचा काळा दगड ज्वालामुखीतून आला, असं त्या पुस्तकात होतं, आणि ज्वालामुखीला उर्दूत म्हणतात आतिशफिशां.

"आबा, जुम्म्याला शाळेला सुट्टी हाय. जिंतूरकडं आतिशफिशां पहाड हाय, त्याचा मुआयना करावा म्हनतो."

माणिकराव सावरून बसले. "सरकारी हाय का?"

"सरकारी किताबात लिवलंय!"

"मंग जा की!"

बन्सीधरनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "चढन हाय, आबा. भाकरी न्यावी लागंल. तर... मंडळीला संगं नेऊ का?"

"मंडळीला? न्हे की! समद्या मंडळीला न्हे!"

आनंदाच्या भरात "समद्या" हा शब्द बन्सीधरच्या कानावरून निघून गेला. त्यानं मंडळी म्हटलं होतं ते बायकोला. माणिकरावांनी ऐकलं ते माणसांना.

आणि ते साल होतं जुबिलीचं! हुजूरांना गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली म्हणून परभणीत कमानी लागल्या होत्या, शाळेत पोरांना मिठाई वाटली होती. अशा दिवसांत "आतिशफिशां" हा शब्द माणिकरावांच्या तोंडून पारावर गेला आणि बसल्या बसल्या आतिशबाजी झाला. "जुबिलीची आतिशबाजी! जिंतूरच्या पहाडावर! आमच्या मास्तरला सरकारातून खबर हाय!"

जुम्म्याला सकाळी बन्सीधर नवं धोतर नेसून स्टेशनवर आला, तर फलाटावर पाय ठेवायला जागा नाही! आबा होते, आई होती, आत्या होती, शेजारचा किशनराव बायकोसकट होता, सगळी गल्ली होती. मुंजाजी तर खांद्याएवढी काठी घेऊन आला होता. गेल्या साली त्याच्या खळ्यावरून ज्वारीचं पोतं गेलं, तेव्हापासून एकदा तरी चोर आपल्या हाताला लागावा एवढीच त्याची इच्छा होती.

"मुंजाभाऊ, तुमी कुठं जायलाव?"

"तुज्यासंगंच की! आतिशबाजीत लय गर्दी आस्ती, आन गर्दीत चोर आस्तेत."

खरं सांगावं म्हणून बन्सीधरनं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला गर्दीच्या मागं मनकर्णा दिसली. हिरवं लुगडं, डोक्यावर भाकरीची टोपली, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू जत्रेलाच निघाली आहे. खरं सांगितलं तर ती टोपली घरी परत जाणार, आणि तीसुद्धा. त्यानं तोंड मिटलं. बिचाऱ्याला तेवढाच गुन्हा लागू होता!

परभणीला मोटारीचा कंडक्टर ओरडला, "किधर की बरात है?"

"आतिशबाजी! पहाड पे! सरकारी!" माणिकरावांनी आपली सगळी उर्दू एका दमात खर्चून टाकली.

कंडक्टरला काहीच माहीत नव्हतं. पण सरकारी गोष्ट आपल्याला माहीत नाही असं सरकारी माणूस कसं म्हणेल? "हौ हौ, मालूम है," तो म्हणाला. ते ऐकून मोटारीतली जिंतूरची माणसंसुद्धा डोंगराशी उतरली! ड्रायव्हर तर म्हणाला, "वापसी में भोंपू बजाता मैं. मेरे वास्ते थोडी बाकी रखो!"

डोंगर चढायला लागल्यावर बन्सीधरला जरा आशा वाटली. एकावर एक रचलेल्या ओट्यांसारखा तो डोंगर. प्रत्येक टप्प्यावर माणसं दम खायला बसत होती. मनकर्णा मात्र शेळीसारखी तुरुतुरु वर चालली होती. त्यानं तिला एका वळणावर गाठलं.

"तो कडा बगितलास का? तिथं हाळी दिली की..."

"बन्सी, धर!"

मागं धुरपताआत्या! तिला काळ्या फत्तरातून निघालेल्या पांढऱ्याशुभ्र गारगोट्या सापडल्या होत्या. तिनं मूठभर त्याच्या उपरण्यात टाकल्या. पुढच्या वळणावर तो पुन्हा मनकर्णाजवळ गेला, पुन्हा "बन्सी, धर!" चढ संपेपर्यंत उपरण्याचं चांगलं मोठं गाठोडं झालं आणि आत्यानं त्याची नाव ऐकायची हौस अशी तुकड्या-तुकड्यांनी पुरी फेडली.

वर पोचल्यावर भाकरी झाल्या, ठेचा झाला, पान-तंबाखू झाला. मग सगळे जण जागा धरून पश्चिमेकडं तोंड करून बसले. ऊन उतरलं. मुंजाजीनं पटका सोडून पुन्हा बांधला.

"मास्तर, कवा उडायची?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बन्सीधर उभा राहिला आणि वर्गात उभं राहिल्यासारखा घसा खाकरला. "ती... उडून झालीय."

"उडून झाली? कवा?"

"लाखो वर्सं झाली. ह्यो समदा डोंगर तवाच उडाला. आग, धूर, दगडाचा रस. त्याला आतिशफिशां म्हंतेत. आतिशबाजी न्हवं."

चतुराबाईंनी कपाळावर हात मारला. "तरी मी म्हनत व्हते, पहिल्या गाडीनं निघा म्हनून!"

"मंग ती बगितली कुनी?" किशनरावानं विचारलं.

"कुनीच न्हाई. तवा मानसंच न्हवती."

"मानसं न्हवती आन जुबिली कुनाची व्हती रं?" माणिकराव उसळले. "साऱ्या गल्लीत माजी इज्जत घालवलीस! दगडं बगायला आनलंस आमाला? दगडं काय पिंगळीत न्हाईत? जा, तोंड दाखवू नगस!"

बन्सीधर गाठोडं उचलून मुकाट्यानं चालू लागला. कड्याच्या आडोशाला एक कोनाडा होता, तिथं जाऊन बसला. त्याला खरोखर रडू आलं. बापाच्या बोलण्याचं नव्हे. ती एवढी हौसेनं हिरवं लुगडं नेसून आली, तिच्यासमोर आपलं हसं झालं, याचं.

सूर्य बुडाला. खाली रस्त्यावरून भोंपू वाजला, आणि सगळी जत्रा गडबडीनं उतरायला लागली. "मोटार! मोटार गेली तर हितंच राहावं लागंल!" पावलं, हाका, घसरणारे दगड. बन्सीधर हलला नाही. गेले तर जाऊ देत, असं त्याच्या मनात होतं.

मग खालच्या टप्प्यावरून एक बारीक हाक आली. "अवं!"

मनकर्णा! पण तो उठणार तोच किशनरावाचा आवाज आला, "काय गं?" दुसऱ्या कुणाचा आला, "हाय हाय, हितंच हाय!" तिसरा म्हणाला, "आलो की, वरडतीस कामून?" डोंगरावर जेवढे नवरे होते तेवढ्यांनी ओ दिली! शेवटी तर माणिकरावसुद्धा, "काय झालं गं, चतुरा?"

"अवं! अवं!" तिचा आवाज आता रडवेला झाला होता. खाली भोंपू पुन्हा वाजला, लांबलचक. आणि मग, लाज, पदर, सासू, सासरा सगळं बाजूला सारून, छाती भरून हाक आली:

"बन्सीधर!"

काय गोड आवाज होता म्हणून सांगू! बन्सीधरच्या अंगावर काटा आला. आणि डोंगरानंही इमान राखलं. कड्यानं ती हाक झेलली आणि परत दिली:

"...धर! ...धर! ...धर!"

आता खरं तर त्यानं ताबडतोब ओ द्यायची. एखादा शहाणा माणूस असता तर दिलीही असती. पण बन्सीधरनं डोळे मिटले. त्याला वाटलं, आणखी एकदा येऊ द्यावी.

आली. "बन्सीधर!" "...धर! ...धर! ...धर!"

"धर म्हनायलेत!" खालून मुंजाजी गरजला. "कुनीतरी धर म्हनायलंय! चोर! धरा रं!"

बन्सीधरनं डोळे उघडले. अंधुक उजेडात काठी येताना दिसली. काठीवाल्या मुंजाजीलाही दिसलं असणार: आडोशाला दबा धरून बसलेला माणूस आणि शेजारी गाठोडं! वर्षभर वाट बघितलेला चोर त्याच्या अगदी पुढ्यात होता. पहिला दणका पाठीत बसला.

"आरं मी! मी हाय! बन्सीधर!"

"...धर! ...धर! ...धर!" कडा म्हणाला.

"धरलाय, धरलाय!" मुंजाजीनं कड्याला सांगितलं आणि आणखी दोन ठेवून दिल्या. मागून आलेल्या जिंतूरकरांनीही हात धुऊन घेतले. त्यांना मोटारीतून उतरल्याचं काहीतरी चीज व्हायला हवंच होतं.

तेवढ्यात गर्दी फोडून मनकर्णा आत घुसली आणि दोन्ही हात पसरून मध्ये उभी राहिली. "भावजी, सोडा! आमचं मानूस हाय ते!"

मुंजाजीनं वाकून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरली ती बन्सीधरच्या पाठीपेक्षाही दयनीय होती. "मास्तर व्हय?" तो म्हणाला. "मला वाटलं..." आणि बिचाऱ्यानं डोळे पुसले.

मोटार थांबली होती, देवाची दया. बन्सीधरला सगळ्यांनी मिळून आत चढवलं. माणिकरावांनी स्वतःचं घोंगडं त्याच्या पाठीमागं घडी करून ठेवलं आणि हळूच विचारलं, "लय लागलं का रं?" धुरपताआत्या पुटपुटत होती, "भर पहाडावर नवऱ्याचं नाव घेतलं गं बाई!" त्यावर चतुराबाई म्हणाल्या, "घेतलं म्हनून घावला तर. न्हाईतर बसला आसता हितंच, दगडं मोजत." आणि सून बसली होती तिथून तिला सरकवून लेकाच्या शेजारी जागा करून दिली. पाठ चेपायला कुणीतरी हवंच होतं! किशनराव तर म्हणाला, "काहीबी म्हना, आजचा दिस फुकट गेला न्हाई."

मोटार सुरू झाली. इंजिनाच्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येईना. पाठ ठणकत होती, पण मनकर्णाचा खांदा खांद्याला लागत होता. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा! बन्सीधर तिच्या कानाशी वाकला.

"घे की आनखी एकदा. हळूच."

मनकर्णानं समोर बघितलं. समोरच्या बाकावर मुंजाजी गुडघ्यांत काठी धरून बसला होता.

"आत्ता नगं," ती पदराआडून म्हणाली. "भावजी जागेच हायती."