अध्यक्षांचा खड्डा

एव्हरेट थिबोडोनं गाडीची डिकी उघडली, आत पाहिलं आणि घाईघाईनं लावून टाकली. आत बायकोचे बर्फजोडे होते. स्वतःचे काल रात्री पट्ट्यांना तेल लावून पडवीतल्या खिळ्याला टांगल्याचं त्याला लख्ख आठवलं.

"काही राहिलं का रे?" म्युरिएलनं विचारलं.

"माझं? उभा जन्म डोंगरात गेला माझा. तुझे घाल तू. मला आज लागणार नाहीत, वाट डांबरी रस्त्यासारखी आहे."

"बरं," म्युरिएल म्हणाली आणि तिनं आपली सॅक पाठीवर चढवली. ती आज भलतीच फुगली होती. शिखरावर कापायचा केक त्यात होता.

एव्हरेट गिर्यारोहण मंडळाचा अध्यक्ष. न्यू हॅम्पशरच्या त्या खोऱ्यात त्याचा धर्म एकच, मऊ बर्फावर बर्फजोड्यांशिवाय पाऊल टाकायचं नाही. बुटाखाली ते पसरट जोडे बांधले नाहीत, तर पाय मांडीपर्यंत रुततो. पडलेला खड्डा रात्री गोठून दगड होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यात भलत्याच माणसाचा घोटा मोडतो. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पण खरं बोलणारा माणूस किती असह्य होऊ शकतो, हे एव्हरेटकडे बघून कळायचं.

भागातली सगळी शिखरं हिवाळ्यात सर केली, की मंडळ एक कापडी बिल्ला देई. गेल्या वर्षी क्लॉडेट वेलेट शेवटचं शिखर करून उतरत होती, तेव्हा तिच्या जोड्याचा पट्टा तुटला. बिचारी खड्डे पाडत खाली आली आणि एव्हरेटनं भर सभेत तिचा बिल्ला अडवला. "कारणं नकोत, खड्डे बघा!" असं तो गरजला होता. शिवाय ज्यानं खड्डा पाडला त्यानंच तो बुजवायचा, हा नियमही त्यानंच करून घेतला.

आज एव्हरेटचं शेवटचं शिखर होतं. उद्या कॅलेंडरातला हिवाळा संपणार, म्हणजे बिल्ला वर्षभर लांबणीवर. घर काही फार लांब नव्हतं, पण परत जायचं तर विसरलो असं बायकोला सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा मरण परवडलं.

सकाळी सगळं छान झालं. बर्फ कडक होतं, बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या लावून एव्हरेट ताठ मानेनं कड्यावर पोचला. माथ्यावर मात्र असा वारा सुटला होता, की त्याचा एक हातमोजा उडून थेट पलीकडच्या दरीत गेला.

"सॅक उघडू का?" म्युरिएल ओरडली.

"वेडी का तू? केक उडेल! खाली झाडीत खाऊ."

तोवर मार्चचं ऊन चढलं आणि झाडीतलं बर्फ लोण्यासारखं झालं. पहिल्याच पावलाला एव्हरेट गुडघ्यापर्यंत गेला, दुसऱ्याला मांडीपर्यंत.

"सॅकमधलं काही हवंय का?" म्युरिएलनं विचारलं.

"इथं माणूस बुडतोय आणि हिला केक सुचतोय!"

खालून दोन तरुण आले. वाटेची चाळण बघून त्यातला एक म्हणाला, "कुणी केलं हो हे?"

"असतात काही नालायक!" एव्हरेट ठासून म्हणाला. "लाज नाही लोकांना. मी तेच बघत चाललोय."

म्युरिएलनं तोंडावर हातमोजा धरला. तरुण पुढे गेले. त्यांची पाठ वळताच एव्हरेटनं शहाणपणा केला. ताजे खड्डे दिसू नयेत म्हणून वाट सोडून तो कडेच्या झुडपांतून निघाला. तिथं बर्फाखाली ठेंगण्या स्प्रूस झाडांच्या फांद्या होत्या आणि फांद्यांखाली नुसती पोकळी. एव्हरेट कमरेपर्यंत गेला, मग छातीपर्यंत, आणि दोन्ही पाय फांद्यांत अडकून तिथंच थांबला.

म्युरिएल काही बोलणार, एवढ्यात वरून बर्फजोड्यांची फटफट ऐकू आली. क्लॉडेटच होती. तीही आज आपलं शिखर नव्यानं करून येत होती, आणि या खेपेला तिनं जादा पट्टे घेतले होते.

"अध्यक्षसाहेब! इथं काय करताय?"

एव्हरेटनं गंभीर चेहरा केला. "खड्डा बुजवतोय."

"आतून?"

पुढची काही मिनिटं एव्हरेटच्या आयुष्यात फार वाईट गेली. दोघी बायकांनी त्याला काखांत धरून ओढला, मध्येच हसू अनावर झालं म्हणून सोडून दिला आणि पुन्हा ओढला. शेवटी तो वर आला. म्युरिएलनं सॅक उघडली, केकचा खोका बाजूला ठेवला आणि खालून गोधडीत गुंडाळलेले त्याचे बर्फजोडे काढले.

एव्हरेटनं जोड्यांकडे बोट दाखवलं. "हे... हे सकाळपासून तुझ्याकडे होते?"

"पडवीतून मीच उचलले. तुझी विसरायची खोड काय मला ठाऊक नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तीनदा विचारलं की रे! एकदा तरी म्हणायचंस, 'म्युरिएल, विसरलो.' मी तेवढ्यासाठीच वाट बघत होते."

एव्हरेटनं आशेनं क्लॉडेटकडे पाहिलं. "क्लॉडेट, आता बघ, यामागं कारण असं होतं की..."

"कारणं नकोत," क्लॉडेट गोड आवाजात म्हणाली आणि तिनं सॅकला अडकवलेलं आपलं फावडं त्याच्या हातात दिलं.

एव्हरेट जोडे बांधून मुकाट्यानं पहिल्या खड्ड्याकडे चढू लागला. बिल्ला गेला होताच. दोघी एका ओंडक्यावर टेकल्या आणि म्युरिएलनं खोका उघडला. केकवर निळ्या साखरेत लिहिलं होतं, 'अभिनंदन एव्हरेट'.

"खायचा का?" क्लॉडेटनं विचारलं.

"'अभिनंदन'चा तुकडा राहू दे," म्युरिएल म्हणाली. "तो तुला घरी न्यायला होईल. 'एव्हरेट' आत्ता खाऊ."