परत करायची गरज नाही

आमच्या आईला माणसांची नावं लक्षात राहत नसत, डबे राहत. "तुझा तो कडीचा डबा काय म्हणतोय रे? नोकरी लागली का त्याला?" असं तिनं विचारलं, की कुठल्या मित्राची चौकशी चालली आहे ते मी ओळखायचं. आई जाऊन वर्ष झालं, पण माझी मुलगी सई अजून कॉलेजातल्या मैत्रिणींची ओळख अशीच करून देते.

डोंबिवलीच्या चाळीत हे खपून जायचं. तिथे सगळ्यांचे डबे सगळ्यांकडे असत, आणि रिकामा डबा परत करायचा नाही हा आईचा कायदा. काही नसेल तर निदान चार मिरच्या, कढीलिंबाची डहाळी. बाबा गेल्यावर मी तिला ठाण्याला माझ्या फ्लॅटवर आणलं आणि माझी पंचाईत सुरू झाली. कुणी ओळखीचं नसताना तिनं आठवड्याभरात अख्ख्या मजल्यावर अळूवड्या पोचवल्या. सोसायटीच्या गणपतीत आरती संपते न संपते तोच चेअरमनसाहेबांकडे बोट करून मोठ्यांदा म्हणाली, "अगंबाई, हे तर गळक्या डब्याचे! यांच्याकडची आमटी निम्मी माझ्या साडीनं प्यायली."

सई हसून हसून खाली बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'प्लीज, दुपारी बेल वाजवू नये. डबे परत करायला सगळ्यांना वेळ नसतो.' नाव घातलं नव्हतं. घालायची गरजही नव्हती. मी तरातरा नौपाड्यात जाऊन वापरून फेकायच्या प्लास्टिक डब्यांचा गठ्ठाच आणला.

"आई, आता यातून देत जा. सईबरोबर पाठव. कुणाला परत करायला यायला नको."

आईनं एक डबा उलटासुलटा करून बघितला. "बरं," म्हणाली. तिनं वाद घातला नाही हेच मला खटकायला हवं होतं. पण मी आपल्याच हुशारीवर खूश.

डबे जात राहिले. लिफ्टमध्ये लोक मला थांबवून सांगत, "काय हो ते मोदक!" मी ते घरी सांगायला विसरायचो.

एकदा मी ऑफिसला निघताना ती म्हणाली, "बेल बघ रे जरा. बिघडलीय वाटतं. बऱ्याच दिवसांत वाजली नाही."

संध्याकाळी दारात आल्यावर आठवलं. एरवी मी किल्लीनं उघडतो, त्या दिवशी बेल दाबली. खणखणीत वाजली. आतून लगेच आवाज आला, "आले, आले! थांबा हं, जाऊ नका!"

एका हातानं पदर सावरत आईनं दार उघडलं. चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू होतं. मला बघून ते ओसरलं. मला इतकी लाज वाटली की बूट काढायच्या निमित्तानं मी वाकूनच राहिलो.

"तू होय," ती म्हणाली. "म्हणजे बेल चांगली आहे."