पट्टी की भट्टी

शेलारकाका कुठलाही कागद आधी हुंगत, मग वाचत. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी ती नाकाला लावली, खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "वास न्हाई हिला. पर पोरगी तुमचीच ना? मग येतो." आमच्या चिखलीच्या सोसायटीत एकदा पाणी बंद राहणार असल्याची नोटीस लागली. काका ती काढून हुंगत उभे राहिले, तेवढ्यात पाणी गेलं.

काका मूळचे कुरुळीचे. चाकणच्या एका कंपनीत आयुष्यभर इन्स्पेक्शनला होते. पार्ट उचलायचा, फिरवून बघायचा, ओके नाहीतर रिजेक्ट म्हणायचं. रिटायर झाल्यावर उचलायला काही उरलं नाही. काकू त्याआधीच गेलेल्या, मुलगी बंगळुरूला. त्या रिकामपणात त्यांना कवींच्या हस्तलिखितांचा नाद लागला. काकूंच्या साड्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, त्यांत आता कविता राहू लागल्या.

"छापील पुस्तक म्हंजे पेंट मारलेला माल," ते म्हणत. "आत काय हाय ते दिसत न्हाई. हितं बघा, शब्द खोडलाय. का खोडला आसंल?" मग तासभर त्या खोडलेल्या शब्दाची चौकशी चाले आणि आपला चहा गार होई.

सगळ्यात जीव एका कवितेवर. ती लिहिणारे कवी इथल्याच एका कारखान्यात कामाला होते. आता हयात नाहीत. तरुणपणी काकांनी त्यांना कामगारांच्या गेटसभेत ऐकलं होतं. त्या कवितेत 'आमच्या हातांनी पट्टी पेटली' अशी ओळ होती.

"पट्टी म्हंजे कन्व्हेयरची पट्टी," काका डोळे मोठे करून सांगत. "ती पेटली की लाइन बंद! केवढं डोस्कं चाललंय राव!"

एका वाचनालयाने हा संग्रह घ्यायची तयारी दाखवली. काकूंच्या नावाचं कपाट करायचं ठरलं. त्याआधी जाणकाराने एकदा बघावं म्हणून मी माझ्या भाचीला, सुलभाला बोलावलं. ती पुण्यात जुनी हस्तलिखितं सांभाळायचं काम करते. काका नवा शर्ट घालून बसले होते. 'पट्टी'पाशी येऊन सुलभा थांबली. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"काका, मूळ शब्द 'भट्टी' आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "पहिल्या आवृत्तीत चुकून 'पट्टी' छापलं गेलं. कवींनी दुसऱ्या आवृत्तीत ते सुधारलं, वर तक्रारही लिहिली. छापखान्यातली चूक त्यांच्या स्वतःच्या हस्तलिखितात कशी येईल? हे कुणीतरी पुस्तकावरून उतरवलंय."

काकांनी एकेक पिशवी तिच्यापुढे ठेवली. संध्याकाळपर्यंत ती बघत होती. अक्षराची वळणं वेगवेगळी, पण लिहिणारा हात बहुतेक ठिकाणी एकच.

"कविता तर खऱ्याच आहेत ना," मी आपलं काहीतरी बोललो.

"डुप्लिकेट बेअरिंगबी फिरतंच की," काका म्हणाले. "मी रोज ह्या अक्षरावरनं बोट फिरवायचो. वाटायचं, त्यांचा हात धरलाय. मग मी कुणाचा हात धरत व्हतो वो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचनालयाला नाही म्हणून कळवलं. जेवणाचा डबाही बंद केला. दार वाजवलं की आतून फक्त "हाय मी" एवढं ऐकू येई.

रविवारी मात्र ते स्वतःच आले. "चला पिंपरीला." हे सगळे कागद त्यांनी रघुनाथरावांकडून आणले होते. बंद पडलेल्या छापखान्यातले हे जुने मुद्रितशोधक. मार्केटमागे जुन्या पुस्तकांचं दुकान टाकून बसलेले. मारामारी झाली तर कुणाला आवरायचं, याचा विचार मी बसमध्ये करत होतो.

रघुनाथरावांनी काकांना लांबूनच ओळखलं. स्टूल पुढे सरकवलं, फडक्याने पुसलं. काका बसले नाहीत.

"भट्टी का पट्टी?" त्यांनी विचारलं.

रघुनाथरावांनी चष्मा काढला. नाही म्हणाले नाहीत, रागावलेही नाहीत.

"त्या पुस्तकाची प्रुफं मीच वाचली होती," ते म्हणाले. "तेव्हाही नजरेतून सुटलं. आता उतरवतानाही सुटलं."

"का केलंत?"

"पहिला कागद खरा होता, शेलार. छापखान्यातून मी जपून आणलेला. तो दाखवला, तर तुम्ही दुकान बंद होईपर्यंत बसलात. खोडलेल्या एका शब्दावर माझ्याशी तेवढं कुणी बोललं नव्हतं कधी. पुढच्या रविवारी परत आलात. आणखी काही आहे का, म्हणालात. माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं."

कुणीतरी येऊन दहावीची गाईडं विचारून गेलं. रघुनाथरावांनी चष्मा परत लावला.

"आता तुम्ही येणार नाही," ते म्हणाले.

काका वाकले, गुडघ्यावर हात टेकून सावकाश त्या स्टुलावर बसले.

"दुसरीकडं जाऊ तरी कुठं?" ते म्हणाले.