तुकडा पुरे

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधले नार्वेकर काका भाजीवाल्याला भाजीचं पूर्ण नाव कधीच सांगत नाहीत. "ज्याच्या नावात कुठेही 'भोप' आहे ते सगळं दे," म्हणतात. भाजीवाला बिचारा भोपळा देतो, भोपळी मिरचीही देतो. एकदा वैतागून म्हणाला, "काका, सरळ बोला ना!" काका शांतपणे म्हणाले, "तुकडा पुरे रे!"

काकांची सगळी नोकरी अंधेरीच्या एका ऑफिसात डेटाबेस सांभाळण्यात गेली. लाखो ओळींतून हवी ती शोधायला अख्खं वाक्य लागत नाही. शब्दाचा तुकडा द्यायचा, त्याच्या मागेपुढे टक्क्याची खूण टाकायची, की तो जिथे जिथे असेल त्या सगळ्या ओळी हजर. हे त्यांनी मला लिफ्टमध्ये, जिन्यात आणि एकदा चक्क माझ्या साखरपुड्यात समजावलंय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी 'पाणी' एवढं म्हणायचा अवकाश, काका पंधरा वर्षांतल्या पाण्याच्या तक्रारी वाचून दाखवतात. सेक्रेटरीची वाट लागते.

दोन वर्षांपूर्वी काकूंना विसरायला व्हायला लागलं. एक दिवस त्या काकांनाही ओळखणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवसापासून काकांनी काकूंचं बोलणं टाइप करायला घेतलं. काकू "ते... खोब..." म्हणून अडकल्या की काका टक्के टाकून शोधतात आणि ओरडतात, "खोबऱ्याच्या वड्या, अगं! तुझ्या आईच्या!" काकू हसतात. तेव्हा मला हा विक्षिप्त माणूस फार आवडतो.

परवा रविवारी गेलो, तर काका स्क्रीनसमोर बसलेले.

"माझं नाव टाकून बघितलं," म्हणाले. "एकही ओळ नाही."

कशी असणार? काकूंनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. मी म्हटलं, "काका, 'अहो' टाका ना."

टाकलं. ओळी थांबेचनात. अहो गॅस बघा, अहो जेवलात का, अहो ऐकताय ना. फक्त शेवटची ओळ मंगळवारची होती. त्यानंतर काहीच नाही.

काका खुर्चीतून उठले, तेवढ्यात काकू बाहेर आल्या. काकांकडे बघून अदबीनं म्हणाल्या, "उभे का? बसा ना. हे येतीलच इतक्यात."

काका "हो, बसतो," म्हणाले आणि खरंच पाहुण्यासारखे सोफ्याच्या कडेला टेकले. काकू पाणी आणायला आत गेल्या. मग काकांनी उठून ते वाक्य जसंच्या तसं टाइप केलं आणि मला जवळ बोलावलं.

"बघ," म्हणाले, "अजून वाट बघतेय माझी."